पाच आधार आणि दोन लेखण्या : भातखंडे यांचा प्रमाणव्यवहार व विद्यार्थ्याची संदर्भनोंद

महाविद्यालयीन विद्यार्थ्याने संदर्भसाधने कशी जमवावीत, त्यांच्या नोंदी कशा लावाव्यात आणि अवतरणाखाली आधार कसा द्यावा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा तंत्राचा मानला जातो. संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात त्याला शेवटचे प्रकरण मिळते. त्या प्रकरणात स्वल्पविराम कोठे द्यावा, प्रकाशनस्थळ आधी की वर्ष आधी, यांची चर्चा असते. साधनांची मांडणी हीच मुळात एक समीक्षात्मक कृती आहे, ही जाणीव तेथे क्वचितच आढळते. ती जाणीव करून देणारे एक उदाहरण मराठी ग्रंथव्यवहारातच आहे. त्याचा शेवटचा अंक लखनौत घडला असल्यामुळे ते मराठीच्या बरोबरीने हिंदी आणि उर्दूच्या अभ्यासकांनाही लागू पडते. हे उदाहरण विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या ग्रंथसंभाराचे आहे.

भातखंडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदांची मालिका १९१६ मध्ये बडोद्यास सुरू झाली आणि दिल्ली, बनारस या टप्प्यांनंतर लखनौत येऊन थांबली. त्या परिषदांतून १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक ही संस्था उभी राहिली. संयुक्त प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव तिला मिळाले होते. राय उमानाथ बली व राय राजेश्वर बली यांचे पाठबळ आणि पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचे दीर्घकालीन प्राचार्यपद यांमुळे ती रुजली. १९६६ मध्ये ती राज्य शासनाकडे गेली व तिला भातखंडे यांचे नाव मिळाले. २००० मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला आणि २०२२ पासून ती भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या नावाने राज्य विद्यापीठ आहे. कैसरबागेतील या संस्थेपासून लखनौची छावनी फार दूर नाही. लष्करी वैद्यकीय पथकाचे केंद्र त्या छावनीत आहे, आणि अशा केंद्रांत बदलीवर येणाऱ्या नोकरदारांत मराठी कुटुंबेही असतात. अशा एखाद्या कुटुंबातील विद्यार्थिनीने कैसरबागेत प्रवेश घेतला आणि प्रबंधिकेसाठी रागवर्णनाचा विषय निवडला, अशी कल्पना केली तर तिच्या टेबलावर काय जमेल?

तिच्यापुढे पहिल्यांदा येईल ते ‘भातखंडे संगीत शास्त्र’, हाथरसच्या संगीत कार्यालयाने काढलेला हिंदी ग्रंथ. त्याचे मूळ ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या नावाने चार भागांत मराठीत आहे, हे तिला मुखपृष्ठावरून कळेलच असे नाही. आपल्या आईच्या भाषेतले पुस्तक ती अनुवादातून वाचत असेल आणि त्याची नोंद हिंदी ग्रंथ म्हणून करील. मूळ मराठी ग्रंथाचा उल्लेख दुसरीकडे सापडला की ती त्याचे वेगळे कार्ड करील. मग ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति : क्रमिक पुस्तक मालिका’ हाती येईल. तिचे नाव जवळपास तेच, पण ग्रंथ पूर्णपणे निराळा. पहिला चर्चाग्रंथ आहे, तर दुसरा स्वरलिपीसह चिजांचा सहा भागांतला संग्रह. एका ग्रंथाची दोन नावे आणि दोन ग्रंथांचे एक नाव, अशी ही गुंतागुंत आहे. ग्रंथपालाच्या दृष्टीने ती किरकोळ आहे. मूळ ग्रंथ, अनुवाद, प्रकाशक, वर्ष अशी नीट नोंद केली की ती सुटते. खरा पेच याच्या पुढे आहे.

क्रमिक पुस्तकात रागाच्या वर्णनाशेजारी संस्कृत श्लोक येतात आणि प्रत्येक श्लोकाखाली आधारग्रंथाचे नाव असते : लक्ष्यसंगीत, रागकल्पद्रुमांकुर, रागचंद्रिका, अभिनवरागमंजरी. जोडीला ‘चंद्रिकासार’ या नावाने हिंदी पद्य. यमनचा थाट कल्याण, वादी गांधार, संवादी निषाद, असे एकदा ठरले की हे आधार एकमेकांस दुजोरा देत उभे राहतात. संस्कृत श्लोक, सप्तमी विभक्तीतील ग्रंथनाम, अनुष्टुभाची चाल यांमुळे विद्यार्थ्याच्या मनात आपोआप प्राचीनतेचा भास निर्माण होतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत हे श्लोक ‘शास्त्राधार’ म्हणून लिहिले जातात, आणि प्रबंधाच्या संदर्भसूचीत पाच स्वतंत्र नोंदी होतात.

त्या पाच नोंदींमागे दोनच माणसे आहेत. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा १९१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेला संस्कृत ग्रंथ ‘चतुरपंडित’ या नावाने भातखंडे यांनीच लिहिला. ‘अभिनवरागमंजरी’ विष्णुशर्मा या नावाने आहे, आणि तो विष्णुशर्माही तेच. उरलेले रागकल्पद्रुमांकुर, रागचंद्रिका व चंद्रिकासार हे हैदराबादचे काशिनाथशास्त्री अप्पा तुलसी यांचे. ते भातखंडे यांचे समकालीन स्नेही होते आणि लक्ष्यसंगीताने घालून दिलेल्या व्यवस्थेलाच त्यांनी पद्यरूप दिले. म्हणजे पाच साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, कारण दोघांनी ती दुसऱ्या तिघांच्या तोंडी घातलेली आहे. या साक्षीला संमती म्हणता येत नाही. तो एकाच मताचा प्रतिध्वनी आहे. सूची ग्रंथनामानुसार लावली तर हा प्रतिध्वनी ऐकू येत नाही. ती व्यक्तीनुसार लावली की तत्काळ ऐकू येतो. नोंदींचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, तो असा.

येथे घाईने निवाडा करणे योग्य होणार नाही. टोपणनावाने लिहिणे ही त्या काळच्या मराठी वाङ्मयात रुळलेली गोष्ट होती. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज झाले आणि विनोदात बाळकराम. पण बाळकरामाने आपल्या म्हणण्याला गोविंदाग्रजाचा आधार प्रमाण म्हणून दिला असता तर वाचक हसला असता. भातखंडे यांच्याकडे नेमके तेच घडते, आणि वाचक हसत नाही, कारण मधे संस्कृत आहे. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ या मराठी ग्रंथाची रचना गुरुशिष्यसंवादाची. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, आणि उत्तराच्या पुष्ट्यर्थ चतुरपंडित काय म्हणतो ते सांगतो. हा पंडित जणू दोघांहून वेगळा आणि वडीलधारा असावा, अशा आदराने त्याचे नाव घेतले जाते.

संस्कृत शास्त्रपरंपरेत याला आधार आहे. कारिका लिहावी आणि तिच्यावरची वृत्तीही आपणच लिहावी, वृत्तीत कारिकाकाराचा उल्लेख तृतीय पुरुषी करावा, ही रीत जुनी आहे. ‘ध्वन्यालोका’तील कारिका व वृत्ती एकाच आनंदवर्धनाची की दोघांची, हा वाद विसाव्या शतकातही चालू राहिला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा कल भिन्नकर्तृत्वाकडे होता, तर इतर अनेकांचा एककर्तृत्वाकडे. त्या वादाचे मूळच या तृतीय पुरुषी उल्लेखात आहे. भातखंडे यांचा लक्ष्यसंगीत-पद्धति हा जोडग्रंथ कारिकावृत्तीचाच विसाव्या शतकातील मराठी-संस्कृत अवतार आहे, असे म्हटले तर वावगे होऊ नये. त्याला लबाडी म्हणणारे टीकाकार ही परंपरा विसरतात. त्याला नम्रता म्हणणारे भक्त मात्र दुसरे काही विसरतात. आनंदवर्धनाच्या वाचकाला परीक्षा द्यायची नव्हती.

तुलनेसाठी युरोपातील एक उदाहरण घेण्यासारखे आहे. सॉरेन किर्केगार्द याने आपली अनेक पुस्तके वेगवेगळ्या कल्पित नावांनी लिहिली. १८४६ मध्ये ती आपलीच असल्याचे मान्य करताना त्याने वाचकांना विनंती केली की, या पुस्तकांतले काही उद्धृत करायचे असेल तर त्या त्या कल्पित लेखकाच्या नावे करावे, आपल्या नावे नव्हे. कारण ते लेखक परस्परांशी असहमत होते आणि ती असहमती हेच त्याचे साध्य होते. भातखंडे यांचे चतुरपंडित आणि विष्णुशर्मा एकमेकांशी कधीच भांडत नाहीत. दोन्ही लेखक स्वतःला वाटून घेतात. एकाच्या वाटणीतून संवाद निघतो, दुसऱ्याच्या वाटणीतून बहुमत. म्हणून किर्केगार्दची नावे संदर्भसूचीत वेगळी ठेवण्यात अर्थ आहे आणि भातखंडे यांची एकत्र आणण्यात. एकच नियम दोघांना लावणारी पुस्तिका, मग ती शिकागोची असो वा आधुनिक भाषा परिषदेची, येथे अपुरी पडते. टोपणनावापुढे चौकटी कंसात खरे नाव द्यावे एवढे ती सांगू शकेल. दोन नोंदी एकमेकींना साक्ष देत आहेत, हे सांगण्यासाठी तिच्याकडे चिन्ह नाही. झोटेरोसारखी संगणकीय साधने २००६ नंतर विद्यार्थ्यांच्या हाती आली. त्यांनी टंकश्रम वाचवले हे खरे, पण ती ‘चतुरपंडित’ आणि ‘भातखंडे’ यांना वर्णक्रमाने दोन टोकांस नेऊन ठेवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमावलीने साम्याची टक्केवारी मोजायला लावली. पाच श्लोक पाच नावांनी प्रामाणिकपणे उद्धृत करणारा प्रबंध त्या मोजणीत निष्कलंक ठरतो. यंत्र नक्कल पकडते, प्रतिध्वनी पकडत नाही.

आतापर्यंत जे सांगितले तो या प्रकरणाचा सोपा अर्धा भाग आहे. एक माणूस अनेक नावांनी बोलला, तो शोधून एकत्र आणता येतो. अनेक माणसे कोणत्याच नावाने बोलत नाहीत, तो दुसरा अर्धा भाग, आणि नैतिकदृष्ट्या वजनदार तोच आहे.

‘लक्ष्यसंगीत’ या नावातच लेखकाची भूमिका आहे. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष प्रचारात असलेले गायन, लक्षण म्हणजे ग्रंथातील व्याख्या. भरत आणि शार्ङ्गदेव यांच्या ग्रंथांवरून आजचे राग सिद्ध होत नाहीत, हे भातखंडे यांनी निर्भीडपणे मांडले. त्यासाठी त्यांनी मध्ययुगीन ग्रंथ धुंडाळले, हस्तलिखिते मिळवली, अनेक छापून काढली. रामामात्याचे १५५० चे ‘स्वरमेलकलानिधि’, पुंडरीक विठ्ठलाचे ग्रंथ, लोचनाची ‘रागतरंगिणी’, भावभट्टाचे बिकानेर दरबाराशी निगडित ग्रंथ हे सारे सामान्य अभ्यासकाच्या आटोक्यात आले ते त्यांच्यामुळे. या ग्रंथांचा हवाला देताना ते ग्रंथ, कर्ता, मत असे नीट वेगळे करतात, आणि मतभेद असेल तेथे तो लपवत नाहीत. ग्रंथाधाराच्या बाबतीत त्यांची शिस्त वकिलाची होती. ते व्यवसायाने वकीलच होते.

पण प्रचाराला प्रमाण मानले की प्रचाराचा साक्षीदार कोण, हा प्रश्न टाळता येत नाही. तो साक्षीदार शार्ङ्गदेव नव्हे, तो गवई. जयपूरचे मुहम्मद अली खाँ कोठीवाल आणि त्यांचे पुत्र आशिक अली व अहमद अली यांच्याकडून भातखंडे यांना चिजांचा फार मोठा संग्रह मिळाला. रामपूरला नवाब हामिद अली खाँ यांचे शिष्यत्व पत्करून त्यांनी बीनकार वझीर खाँ यांच्या परंपरेपर्यंत वाट काढली. १९०४ च्या दक्षिणयात्रेपासून पुढच्या प्रवासांत त्यांनी रोजनिश्या ठेवल्या, आणि कोणाला भेटलो, काय विचारले, काय उत्तर मिळाले, हे नाव-गावासह लिहिले. क्षेत्रकार्याच्या टिपणांचा असा नमुना त्या काळच्या मराठीत विरळा आहे. साधने कशी जमवावीत याचा धडा विद्यार्थ्याला द्यायचा असेल तर या रोजनिश्याच दाखवाव्यात.

मग या टिपणांचे ग्रंथ होताना काय घडले? नावे गळाली. पद्धतीच्या संवादात गवई येतात ते बहुधा ‘एक खाँसाहेब’ म्हणून. कित्येकदा ते किस्सा पुरवण्यासाठी येतात, आणि शास्त्र न जाणणारा कलावंत हा एक साचा पक्का करून जातात. क्रमिक पुस्तकात चिजेवर राग असतो, ताल असतो, स्वरलिपी असते. चीज कोणाकडून मिळाली, याची नोंद चिजेखाली नसते. ज्या पानावर चतुरपंडिताचे नाव आधार म्हणून छापलेले आहे त्याच पानावर, ज्याच्या कंठातून ती चीज आली त्याचे नाव नाही. जानकी बखले यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात भातखंडे यांच्या मुस्लिम उस्तादांविषयीच्या दृष्टिकोनाची कठोर चिकित्सा केली आहे. तिच्यातील सर्व निष्कर्ष मान्य करण्याची गरज नाही. पण रोजनिशीतला भातखंडे आणि ग्रंथातला भातखंडे यांच्यातले अंतर तिच्यानंतर दुर्लक्षिता येत नाही.

‘तो काळच तसा होता’ हे उत्तर येथे चालत नाही, कारण त्या काळात निराळे वागणारे लोक होते. १९०४ मध्येच एट्टयपुरमच्या सुब्बराम दीक्षितर यांचा ‘संगीतसंप्रदायप्रदर्शिनी’ हा तेलुगू ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात कृतीसोबत कर्त्याचे नाव आहे आणि वाग्गेयकारांची चरित्रेही आहेत. भातखंडे त्याच वर्षीच्या यात्रेत दीक्षितरांना भेटले होते. खुद्द लखनौत हकीम मुहम्मद करम इमाम यांचा ‘मआदन-उल-मूसीक़ी’ हा उर्दू ग्रंथ १८५७ च्या आसपास लिहिला गेला. तो गवय्यांची, वादकांची, नर्तकांची नावे भरभरून देतो, त्यांच्या शिष्यांची देतो, कोण कोणाहून सरस यावर मतेही देतो. तो छापला गेला १९२५ मध्ये, म्हणजे परिषद लखनौत भरत होती त्याच सुमारास, त्याच शहरात. महाराष्ट्रात वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालिकेचा पहिला खंड काढला तेव्हापासून कागद कोणाच्या दप्तरातला, हे सांगणे संशोधकाचे कर्तव्य ठरले होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेत वि. सी. सुकथनकर १९२५ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. प्रत्येक पोथीला संकेताक्षर द्यायचे आणि प्रत्येक पाठभेदाखाली तो कोणत्या पोथीतला हे नोंदवायचे, ही त्या आवृत्तीची पद्धत. मॅरिस कॉलेज त्यानंतर वर्षभरात निघाले. पोथीला संकेताक्षर मिळाले आणि गवयाला मिळाले नाही. मौखिक साधनाकडे आपल्या विद्वत्तेने कसे पाहिले याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागेल.

नावे का गळाली, याची कारणे तर्काने सुचवता येतात. घराण्याची चीज बाहेर गेली हे जाहीर झाले असते तर देणाऱ्यावर नातलगांचा रोष ओढवला असता, तेव्हा मौनामागे सौजन्यही असू शकेल. पाठ्यपुस्तकात सर्वांना समान असे रूप हवे, घराण्याची छाप नको, हा राष्ट्रीय संगीताचा विचारही त्यामागे होता. दोन्ही कारणे खरी मानली तरी पहिले काळाबरोबर संपले आहे आणि दुसरे वादग्रस्त आहे. प्रस्तावनेत केलेला एकत्रित ऋणनिर्देश चिजेखालच्या नोंदीची जागा घेऊ शकत नाही. पद्धति या चर्चाग्रंथातील टोपणनाव शास्त्रपरंपरेच्या आधारे समर्थनीय ठरते. तेच नाव क्रमिक पुस्तकात, नवख्या विद्यार्थ्यापुढे, कोणताही खुलासा न करता वापरणे समर्थनीय ठरत नाही. आणि गवयांचे अनामिकत्व दोन्हीकडे उणेच आहे.

एक गोष्ट मात्र भातखंडे यांच्या पारड्यात टाकली पाहिजे. संवादातला त्यांचा शिष्य गप्प बसणारा नाही. तो पुन्हा पुन्हा विचारतो की याला ग्रंथाधार काय, अमका ग्रंथकार असे म्हणतो मग तमका तसे का म्हणतो. मराठी गद्यात इतका चिकित्सक शिष्य क्वचित रेखाटला गेला असेल. तो फक्त एकच प्रश्न विचारत नाही : ‘गुरुजी, हे चतुरपंडित कोण?’ लेखकाने त्याला तो विचारू दिला नाही, असेही म्हणता येईल. संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी पुढे त्या शिष्याचे पाठांतर उचलले आणि शंका मागे ठेवल्या. यात पाठ्यपुस्तकाइतकाच परीक्षापद्धतीचाही वाटा आहे.

या वाटचालीत भाषांतरांनी भर घातली. अकबरपूरचे तालुकदार राजा नवाब अली खाँ यांनी ‘मआरिफ-उन-नगमात’ या उर्दू ग्रंथात भातखंडे यांची व्यवस्था उर्दू वाचकापर्यंत नेली. मूळ मराठी, त्यातले प्रमाण संस्कृत, प्रसार उर्दूत आणि नंतर हिंदीत, असा हा चतुर्भाषिक प्रवास आहे. प्रत्येक टप्प्यावर आधाराचा थर एकेकाने वाढतो, आणि उगमाचा माणूस एकेका थराने खोल जातो. तौलनिक अभ्यासकांना स्वीकाराचा इतिहास लिहिण्यासाठी इतके सुटसुटीत क्षेत्र सहसा मिळत नाही.

छावनीतल्या त्या कल्पित विद्यार्थिनीने आपली कार्डे कशी लावावीत, याचे उत्तर आता तंत्राचे उरत नाही. ग्रंथनामाचा एक गठ्ठा पुरणार नाही. प्रत्येक कार्डावर मुखपृष्ठावरचे नाव आणि लिहिणारा माणूस या दोन ओळी वेगळ्या हव्यात. तिसरी ओळ साधनाच्या प्रकाराची : जुना ग्रंथ, समकालीन पद्यरूप, की ऐकून घेतलेली चीज. चौथी ओळ, हे साधन दुसऱ्या कोणत्या साधनावर उभे आहे याची. पहिल्या तीन ओळी ग्रंथालयात बसून भरता येतील. चौथी भरताना लक्ष्यसंगीतापाशी पाचही कार्डे येऊन मिळतील, आणि लक्ष्यसंगीताच्या स्वतःच्या कार्डावर ती ओळ रिकामी राहील, कारण तेथे गवयांची नावे हवीत. रोजनिश्यांतील भेटींच्या तारखा व स्थळे आणि क्रमिक पुस्तकांतील चिजा शेजारी ठेवून त्यांतली काही नावे भरता येण्याजोगी आहेत. ज्या चिजांच्या बंदिशीत कर्त्याची मुद्रा आहे तेथून सुरुवात करणे सोपे. ज्या चिजा एकाच घराण्यात गायिल्या जातात त्या त्यानंतर. मुहम्मद अली खाँ आणि त्यांच्या दोन्ही पुत्रांकडून आलेला संग्रह सर्वांत मोठ्यांपैकी असल्याने पहिली मालिका त्यांचीच करावी लागेल.